सलाईनच्या बाटलीतलं पाणी

दारव्ह्यात माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. एक गृहस्थ सलाईनच्या रिकाम्या बाटलीत टाकीचं पाणी तपासायला आणायचे. मी थेंब टाकून रंग बघेपर्यंत ते बाटलीचं झाकण बोटांत फिरवत राहायचे. बोअरच्या पाण्यानं पीएच फार चढला होता, मासे मरत होते.

"औषध द्या, आजच उतरवतो."

"एकदम उतरवलात तर उरलेलेही मरतील. रोज थोडं पाणी बदला."

"थोडंथोडं करायले टाइम कुठं हाय, ताई? बायको अंथरुणावर हाय, दिवसभर मासेच पाह्यते. एखादा मेला की म्हणते, आता माहा नंबर."

तरी त्यांनी ऐकलं. नंतर एकही मासा दगावला नाही. परवा ते सगळे मासे बादलीत घेऊन आले.

"ठेवून घ्या. पाह्यणारी गेली."

मी सवयीनं पाणी तपासलं. पीएच अगदी बरोबर होता.