इर्जिकीचं जेवण

वडील गेले त्या पावसाळ्यात आमची धानाची बांधी नांगरायला घरात माणूस नव्हता. काकांनी, म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाने, इर्जिक बोलावली. चामोर्शीकडच्या आमच्या गावात ही रीत होती. कुणावर वेळ आली की बाकीच्यांनी आपापले बैल-नांगर घेऊन जायचं आणि त्याचं शेत नांगरून द्यायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. सगळ्यांत पुढे काकांचा नांगर होता. आईने कोंबड्याचा रस्सा आणि भात रांधला. काका माझ्या शेजारीच जेवायला बसले होते. "वहिनी, रस्सा वाढा जी," म्हणत त्यांनी मागून मागून खाल्लं.

काही वर्षांनी त्याच काकांनी आमच्यावर दावा लावला. मोठ्या भावाने जिवंतपणीच ही बांधी मला दिली आणि तो गेल्यापासून मीच ती कसतो आहे, असं त्यात होतं. पुरावा म्हणून त्या दिवसाची नांगरणी. आईला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. चुलीतलं जळतं लाकूड घेऊन त्यांच्या दारात जावंसं वाटलं. बांधी गेली तर लोकांच्या शेतात धान लावायला, रोवणीला, मजुरीने जाण्यावाचून आम्हाला गत्यंतर नव्हतं.

आमचे वकील भले होते. म्हणाले, प्रत्येक मुद्द्यापुढे 'नाकबूल' लिहू. दीर शेतात आलेच नाहीत, असंच ठणकावून सांगू.

"असं नका लिहू जी," आई म्हणाली. "नांगर तर भाऊजीनं धरला होता."

"बाई, समोरचा खोटं बोलून राह्यला."

"तो बोलते. मी काऊन बोलू?"

वकिलांनी कपाळाला हात लावला. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, "हरिश्चंद्र व्हायला तुले आजचाच मुहूर्त सापडला काय?" आमच्या लेखी जबाबात शेवटी तिचंच म्हणणं गेलं: होय, नांगरलं, पण ती इर्जिक होती, आणि ते आमच्या घरी जेवले.

झालं, सगळा खटला एका जेवणावर येऊन बसला. जेवले असतील तर ती मदत. नसतील जेवले, तर स्वतःचं शेत म्हणून नांगरलं. त्या पंगतीत अर्धं गाव होतं, पण साक्षीला आलेला एकजण म्हणाला, "नांगर पाह्यला साहेब. कोण कुठी जेवला, ते कोण ध्यानात ठेवते?" बाकीचे आलेच नाहीत. भावकीच्या भांडणात पडायचं नाही, हा शहाणपणा सगळ्यांनाच सुचला.

काका साक्षीला उभे राहिले तेव्हा आमच्या वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही वहिनीच्या घरी जेवलात काय?"

काकांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाई."

मला वाटलं, आई ओरडेल. ती नुसती पदराशी चाळा करत बसली. परतीच्या एसटीत मात्र तिला रडू आवरेना. "बांधी घेऊ दे ना बाई. पण माह्या हातचं खाल्लं, तेही नाई म्हणाला."

बांधी गेली. नांगरणी तुम्हीच कबूल केली आहे, आणि जेवणाला तुम्हा मायलेकींशिवाय साक्षीदार नाही, असं निकालात होतं. वरच्या कोर्टात जायला आई तयार झाली नाही. त्यानंतर ती दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणीला जात राहिली, आणि त्यातल्या काही बांध्या आमच्या जुन्या बांधीला लागून होत्या.

ती गेली तेव्हा तेरवीला काका आले. भाऊबंद म्हणून पंगतीत बसले. मी मुद्दाम वाढायला गेले. पत्रावळीवर भात वाढला, वरण वाढलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "जेवलात काय, काका?"

त्यांचा घास हातातच राहिला. मान खाली घालून म्हणाले, "जेवलो, माय. तवाही जेवलो होतो."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. पण ज्या बाईला ते ऐकायचं होतं, तिची तेरवी चालू होती. मी वरणाचं भांडं उचललं आणि पुढच्या माणसाला वाढायला गेले.