चोक नसलेल्या पद्मिनीतून बारामती ते इंदापूर

"गाडी तयार हाय. या घेऊन जायला." गॅरेजवाल्या यासीनभाईंचा एवढाच फोन आला, तोही मंगळवारी भर दुपारी, मी ऑफिसात मीटिंगमध्ये मान डोलवत बसलेली असताना. मी तिथल्या तिथे दोन दिवसांची सुट्टी टाकली आणि आईला फोन केला. ती म्हणाली, "मी कशाला? मला आता दिसत नाही धड." मग पाच मिनिटांनी तिचाच फोन आला, स्वेटर घ्यायचा का विचारायला.

आमच्याकडे एक जुनी पद्मिनी आहे. पांढरी, गोल दिव्यांची, स्टिअरिंगलगत गिअर असलेली. ती आईची. आई नोकरीला इंदापूरला होती, दूध तपासायच्या प्रयोगशाळेत, आणि गावोगावच्या संकलन केंद्रांवर नमुने आणायला ती स्वतः ही गाडी हाकत जायची. गाडी चालवायला मीही शिकले, पण ती सुरू करणं हे माझ्याच्यानं कधी जमलं नाही. कार्बोरेटरची गाडी, म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण एक साधं भांडं करतं, अंदाजानं. थंड असेल तर चोकची दांडी ओढायची, ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, पाच आकडे मोजायचे. गरम असेल तर निराळं. जरा चुकलं की पेट्रोलचा भपकारा आणि इंजिन ओलं. आईचं कधीच चुकायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी आईनं अचानक गाडी चालवणं सोडलं. डोळ्यांचं कारण सांगितलं. गाडी कव्हरखाली गेली. गेल्या दिवाळीत लग्नाच्या वरातींना जुन्या गाड्या भाड्यानं देणारे एक गृहस्थ घरी आले आणि आई त्यांना चक्क हो म्हणाली. "मला चालवायची नाही, तुला सुरू करता येत नाही. ठेवायची कशाला?" मी भांडून मुदत मिळवली. दुरुस्तीला पाठवून, मग मला ती स्वतः सुरू करून चालवत पुण्याला परत आणता आली तर गाडी आपली, नाहीतर वरातीची. अशी आमची तहाची कलमं ठरली होती.

म्हणून हा इंजेक्शनचा उद्योग. यासीनभाईंनी एका जुन्या जीपला आजच्या गाड्यांसारखं फ्युएल इंजेक्शन बसवल्याचा व्हिडिओ मी पाहिला होता. पद्मिनी ट्रकवर चढवून बारामतीजवळ जळोचीला त्यांच्या गॅरेजला पाठवली त्याला महिना झाला. कुणाला असं काही करायचं असेल तर दोन गोष्टी आधीच सांगते. खर्च एका नव्या स्कूटरइतका येतो, आणि असा बदल कागदोपत्री कसा दाखवायचा हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्या, नंतर नव्हे.

बुधवारी सकाळी स्वारगेटहून बारामतीची एसटी पकडली. सासवड, जेजुरी, मोरगाव, असा रस्ता. तीन तास धरा, खिडकी मिळाली तर बघाच. जेजुरीच्या पुढे माळ लागतो, पिवळा, उघडा, मधूनच एखादं बाभळीचं झाड, आणि मग बारामती जवळ आली की एकाएकी सगळं हिरवं होतं. त्या माळावरून बस जात असताना मला झोप आणि जाग यांच्या मधलं काहीतरी लागलं होतं. आई मात्र टक्क जागी होती. दूर माळावरचा पाण्याचा टँकर तिला दिसला, त्यावरचं नावसुद्धा तिनं वाचलं. दिसत नाही धड, हे तिचं वाक्य मला आठवलं.

स्टँडसमोर पिठलं-भाकरी खाल्ली (ठेचा जपून घ्या) आणि रिक्षानं जळोचीला गेलो. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मागे उसाचं शेत. ऊस तोडणीला आलेला, तुरे फुटलेले. यासीनभाई साठीचे असतील, पांढरी दाढी, कानाला पेन्सिल. त्यांनी बॉनेट उघडलं आणि कार्बोरेटरच्या जागी बसवलेला ॲल्युमिनियमचा एक सुबक गोळा दाखवला. भंगारात निघालेल्या एका छोट्या गाडीतून तो आला होता.

"ह्यो पेट्रोलची पिचकारी मारतो," ते म्हणाले. "कधी मारायची, किती मारायची, ते खालचा कंप्युटर ठरवतो. सायलेन्सरच्या नळीत एक नाक बसवलंय. ते धूर हुंगतं आन् कंप्युटरला सांगतं, पेट्रोल जादा झालं का कमी."

डॅशबोर्डच्या खाली त्या कंप्युटरची डबी होती. चोकची दांडी जिथं असायची तिथं एक भोक होतं, त्यावर यासीनभाईंनी काळं रबरी बूच बसवलेलं. आई त्या बुचाकडे बराच वेळ पाहत राहिली.

मग लॅपटॉप आला. यासीनभाई इंजिन चालू ठेवून पडद्यावरचे आकडे जुळवायला लागले आणि इथे एक गंमत झाली. आई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसली. "हे चौदा पूर्णांक सात कशाचं?"

"हवा तेवढे भाग, पेट्रोल एक भाग. बरोबर जळतं त्या हिशोबात."

"म्हणजे आमच्या फॅटसारखंच," आई म्हणाली. "दुधाचा आकडा जरा हलला की मी म्हशीचं नाव सांगायची."

"मंग सांगा, हितं काय झालंय?"

आईनं आकड्याकडे बघितलंच नाही. कान देऊन ऐकलं. "पातळ चाललीय. पेट्रोल कमी पडतंय तिला."

यासीनभाईंनी पडद्यावर बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या आईसायबांना ठिवून जावा हितंच." संध्याकाळपर्यंत ती दोघं आकडे जुळवत बसली होती. आई मध्येच "व्हय व्हय" म्हणायला लागली. पुण्यात वीस वर्षांत मी तिच्या तोंडून व्हय ऐकलं नव्हतं. शेतावरून थंड वारा येत होता, इंजिन एकाच सुरात गुणगुणत होतं, आणि मी बाजेवर पडून आभाळ बघत होते. मला कुठेही जायचं नव्हतं.

मुक्काम स्टँडजवळच्या लॉजवर. खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत.

गुरुवारी साडेसातला निघालो. धुकं होतं. मी चालकाच्या जागी बसले, किल्ली फिरवली, अर्ध्या सेकंदात इंजिन चालू. ना भपकारा, ना आचका.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं ती खूश आहे. माणसाला आपलीच खुशी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर दिसते, त्यातला प्रकार.

बारामती ते इंदापूर हा रस्ता मी शब्दांत पकडू शकणार नाही, पण प्रयत्न करते. दोन्ही बाजूंना ऊस, त्यावर तुऱ्यांचा रुपेरी थर, आणि त्या थरावर धुकं टेकलेलं. मध्येच कालवा दिसायचा, पाणी वाहतंय की थांबलंय कळू नये असा. गळिताचा हंगाम, त्यामुळे हवेत मळीचा गोडसर, आंबूस वास. समोरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावर मोठ्या आवाजात गाणी. ती गाणी धुक्यातून आधी येत आणि ट्रॅक्टर मागून. या ट्रॅक्टरांना ओव्हरटेक करायची घाई करू नका, ट्रॉली झुलते. चाळीसच्या वेगानं आम्ही तरंगत चाललो होतो.

लासुर्ण्याला चहा घेतला. हॉटेलवाल्या तात्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "ह्या गाडीतनं एक बाई यायच्या दुधाच्या. लई कडक. पाणी घातलेलं नुसतं बघून वळखायच्या."

"पाणी घालत कोण होतं?" आईनं विचारलं.

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. पुढे निमगाव केतकीला पानमळे लागतात, तिथली पानं घ्या, आईनं पन्नास घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळली.

इंदापूर ओलांडून आम्ही उजनी धरणाच्या फुगवट्यापाशी उतरलो. धुकं विरलं होतं. पाणी इतकं पसरलेलं, की पलीकडचा काठ नुसता अंदाजानं मानायचा. दूर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती, हलायची आणि पुन्हा स्थिर व्हायची. एका होडीत कोळी जाळं ओढत होता. असाच एक तास गेला असेल. आईनं चप्पल काढून पाय पाण्यात सोडले होते. माझ्या मनात आलं, आता विचारावं.

"आई, इथून भिगवणपर्यंत तू चालव. रस्ता रिकामा आहे."

नको नको म्हणत ती चालकाच्या जागी बसली खरी. आरसा नीट केला. साडी सावरली. मग तिचा उजवा पाय सवयीनं ॲक्सिलरेटरवर गेला, तळापर्यंत, आणि तिनं सेल मारला. इंजिन फिरलं, पण चालू झालं नाही. पुन्हा मारला. पुन्हा तेच. चौथ्या वेळी बॅटरीचा आवाज जड झाला आणि तिनं किल्ली सोडून दिली.

"बघितलंस?" ती म्हणाली. "डोळे नाहीत गेले माझे."

तिनं हात स्टिअरिंगवरून खाली घेतले.

"तीन वर्षांपूर्वी, सिग्नलला. बंद पडली, सुरूच होईना. मागे सगळे हॉर्न वाजवत होते. एक पोरगा खाली उतरून म्हणाला, आजी, बाजूला सरका, मी बघतो. त्याच्याच्यानंही झाली नाही, पण त्याचं काय. माझा हात गेला, हे मला कळलं. आज पुन्हा कळलं. देऊन टाकू वरातीला."

आई रडत नव्हती. चार पायांचं टेबल असावं तसं मी तिला नेहमी पक्कं धरून चालले होते, आणि ती तीन वर्षं एका हॉर्नचा अपमान गिळून बसली होती. मी यासीनभाईंना फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि गाडी सुरू होत नाही म्हणून सांगितलं.

"सेल मारताना पाय कुठं व्हता?" त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला.

"तळाला," आई म्हणाली. "गरम इंजिनाला तसंच लागतं."

"लागायचं, ताई. आता न्हाय. पाय तळाला गेला की कंप्युटरला वाटतं, इंजिन पेट्रोलनं भिजलंय. मग तो पेट्रोलच बंद करतो." ते पुढे म्हणाले, "चूक माझी हाय. काल सांगाया पायजे व्हतं. नवख्या माणसानं असा पाय दाबलाच नसता. कार्बोरेटर ज्याला कळतो त्योच दाबणार."

"मग आता करायचं काय?"

"काय न्हाय. पाय काढा. नुसती किल्ली फिरवा."

"म्हणजे मी काढता पाय घ्यायचा," आई म्हणाली. हसल्यासारखं म्हणाली, पण हसली नाही.

"ताई, पायजे तर परत या. तुमच्या सवयीवाणी करून देतो. पाय दाबला तरी चालू हुईल आसं बसवतो लॅपटॉपवर."

आई समोरच्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नको. तिला जे लागत नाही ते मी कशाला करू? आणि कंप्युटरला खोटं शिकवायचं नाही. मीच शिकते."

तिनं पुन्हा चप्पल काढली. पाय उचलून पार दाराकडे, बाजूला ठेवला, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

किती तरी वेळ तिनं गिअर टाकलाच नाही. नुसती ऐकत बसली. "इतकं सोपं?" ती शेवटी म्हणाली. आणि मग रडली, चांगली मोकळी, पदर तोंडाला लावून. मीही रडले. होडीतला कोळी जाळं ओढायचं थांबवून आमच्याकडे बघत होता.

भिगवणपर्यंत तिनं चालवली. भिगवणला चिलापी मासा आणि ज्वारीची भाकरी खाल्ली (रस्सा तिखट, मागितला तर कमी तिखटाचा देतात), आणि मी किल्लीसाठी हात पुढे केला तर ती सरळ चालकाच्या दारानं आत बसली. सोलापूर रस्त्याला लागून यवतपर्यंत, यवतहून हडपसरपर्यंत. उन्हं कलली तसा रस्ता सोनेरी झाला होता आणि आई खालच्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. शेजारी बसून मी अर्धवट मिटल्या डोळ्यांनी तिचे हात पाहत होते. पाय दाबताना तिचे ओठ अजून हलत होते, मोजल्यासारखे. हडपसरच्या सिग्नलला मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "थांब रे बाबा," आई म्हणाली आणि हिरवा लागल्यावरच निघाली.

या सहलीतून काय उरलं? उजनीचं पाणी उरलंय, पानांचा ओला वास उरलाय. एक जरा लाजिरवाणी जाणीवही आहे, की मी आईचं ओझं हलकं करायला निघाले होते आणि ते ओझं कुठलं हे विचारलंच नव्हतं. वरातवाल्या गृहस्थांचा रविवारी फोन आला होता. गाडी वापरात आहे, असं आईनं त्यांना सांगितलं.

हा सगळा खटाटोप मला गाडी सुरू करता यावी म्हणून होता. परत येऊन तीन आठवडे झाले. मी अजून बसनं ऑफिसला जाते. आई किल्ली देत नाही.