गुपित तुमचा, पाय माझे

दुकानाच्या पायरीशी चपला काढायच्या, आत यायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी बघायची आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत जाहीर करायचं, "आज पाणी पावणेचाराक भरतला." एवढं झाल्याशिवाय तांडेल बाकावर टेकत नसत.

माझं टायपिंगचं दुकान जिल्हा कोर्टाच्या फाटकासमोर आहे. समुद्र इथून एसटीने चांगला तासाभरावर. इथे आम्हाला भरतीशी काय करायचंय? पण त्यांनी सांगितलं की मी मान डोलवायची, असा आमचा रिवाज पडून गेला होता. तांडेल म्हणजे मच्छीमार होडीचा म्होरक्या, सुकाणू धरणारा. नाव त्यांना होतं, दाव्याच्या पहिल्याच ओळीत मी ते पन्नासदा टाइप केलंय. तरी आमच्यासाठी ते तांडेलच.

त्यांची दुसरी सवय म्हणजे कुठेही आत जाताना अनवाणी. त्यांच्या दाव्याच्या वकिलीणबाईंच्या ऑफिसात अनवाणी, कोर्टाच्या दालनातही अनवाणी. शिपाई वैतागायचा, "अहो, हे देऊळ नाही!" त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "होडयेर चडताना काडतत. हंय पण सगळ्यांचो जीव एकाच्याच हातात आसा मा?" शिपाई न्यायाधीशांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा आणि त्यांना वाट द्यायचा.

त्या चपला निळ्या, मऊ तळव्याच्या. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मालवणच्या बाजारातून हुडकून आणलेल्या. कडक तळवा त्यांना सोसत नव्हता. का, ते आता सांगते.

एकदा इंजीन बंद पडून त्यांची होडी भरकटली. बरोबरचा खलाशी वाटेत दुसऱ्या होडीवर चढून मदत आणायला गेला आणि हे एकटेच वाऱ्याबरोबर वाहत नवमीच्या पहाटे एका खाडीच्या तोंडाशी लागले. तिथे सागरी चौकी होती. कुठली, ते मी लिहीत नाही. सरकारच्या लेखी ते अजून गुपित असायचं! चौकीवाल्यांना संशय आला की हा माणूस समुद्रात कुठल्या परक्या बोटीला भेटून आला. खाडीला लागून असलेल्या मागच्या खोलीत त्यांना कोंडलं आणि विचारपूस सुरू केली. विचारपूस तळव्यांवर. द्वादशीच्या दुपारी सोडलं तेव्हा तांडेल रस्त्यापर्यंत गुडघ्यांवर आले. संध्याकाळी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तळव्यांची सूज आणि वळ कागदावर लिहिले. तो एक कागद तेवढा त्यांच्याकडे होता.

होडी त्या खाडीत लागल्याचं कळल्यावर चारही दिवस काकी चौकीच्या दारात जाऊन विचारत होत्या. रोज एकच उत्तर, "इथे असा कोणी नाही."

मग दावा लागला आणि सरकारची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, आली. तिची नक्कल मीच काढली. तीस वर्षं मी 'सदर' आणि 'उपरोक्त' बडवतेय, पण असलं काही कधी टाइप केलं नव्हतं. सदर इसमास नवमीस विचारपूस करून त्याच सायंकाळी चहापाणी देऊन सोडण्यात आले. मारहाणीचा आरोप खोडसाळ. चौकीची नोंदवही मागाल, तर ती किनाऱ्याच्या सुरक्षेशी निगडित; ती उघड करणे जनहितास बाधक.

"काय म्हणतंत गो, बाय?" तांडेलांनी विचारलं.

"तुमचे ते चार दिवस गुपित आहेत म्हणतात."

ते म्हणाले, "माका तर सगळे म्हायत आसत. मगे गुपित कोणापासून?"

कायद्याची एवढी पुस्तकं समोरच्या कपाटात होती, एकातही याचं उत्तर सापडलं नसतं. पुढे ते स्वतःच हसले, पाय जरा पुढे केले आणि म्हणाले, "ऱ्हवांदे. गुपित तुमचा, पाय माझे." तेव्हापासून तारीख पडली की हेच. सरकारी वकिलांनी मुदत मागितली, हेच. साहेब रजेवर, हेच. आमच्या फाटकाजवळच्या चहावाल्याच्यासुद्धा तोंडात ते वाक्य बसलं.

तुम्ही म्हणाल, भरपाईसाठी चाललं होतं. छे हो! दाव्यात रकमेचा रकाना वकिलीणबाईंनी भरला. यांनी तो वाचूनही घेतला नाही. दुखणं वेगळंच होतं. वाडीत कुजबुज सुरू झाली होती की सरकार कशाला उगाच कोणाला धरील, काहीतरी आणलंच असेल समुद्रातून. खलाशी यायचे बंद झाले. होडी वाळूवर, झावळांखाली. तांडेलाच्या शब्दावर चार माणसं पाण्यात जातात. तोच शब्द खोटा ठरला तर उरलं काय? एकदा ते मला म्हणाले होते, "कोर्टान एकदा मोठ्यान सांगूक व्हया, ह्यो चार दिस थंय होतो. बस." त्या दिवशी मी त्यांच्या अर्जाचे पैसे घेतले नाहीत आणि वर त्यांच्यावरच ओरडले, कारण ते द्यायला हटून बसले होते. माझा स्वभावच तसा. रडू आलं की मी ओरडते.

उलटतपासणीला मी दुकान बंद करून गेले. सरकारी वकील कोल्हापूरकडचे, हुशार माणूस, वाईट नव्हे. त्यांनी विचारलं, "खोलीला खिडकी नव्हती, घड्याळ नव्हतं. चार दिवस झाले हे कशावरून सांगता?"

तांडेल कठड्यात उभे. प्रमाण मराठी बोलायचं म्हणून आदल्या तारखेपासून तयारी केलेली. "भिंतीच्या मागे खाडी होती साहेब. पाणी भरलं की भिंतीला लागतं, आवाज येतो. सात वेळा लागलं. दिवसाला दोन धरा."

"मार खाताना तुम्ही लाटा मोजत होता?"

"लाटा नाय, भरती." मराठी तिथेच सुटली. "दुसरा काय होता थंय मोजूक?"

सरकारी वकिलांनी मग जरा डिवचून विचारलं, "बरं, आज किती वाजता भरती?" तांडेलांचा अंगठा पेरांवरून फिरला. "आज सप्तमी. सातांची पाऊणपट करा. सव्वापाच." वकिलांनी मोबाईल काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. शिपायाने डोळे वटारले म्हणून राहिलं.

पण भरती मोजता येते म्हणजे चार दिवस कोंडलं होतं, असं थोडंच सिद्ध होतं? खरं काय ते नोंदवहीत होतं आणि नोंदवही गुपित. वकिलीणबाई त्यावर सहा तारखा भांडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: गुपित आहे की नाही हे ज्याच्यावर आरोप त्यानेच ठरवायचं का? निदान न्यायाधीशांनी तरी बघावं. अखेर हुकूम झाला. नोंदवही बंद लिफाफ्यात आली आणि साहेबांनी ती आपल्या दालनात एकट्याने वाचली.

त्या तारखेला काकीही आल्या होत्या. तांडेल नेहमीसारखे अनवाणी, पण मला ते अस्वस्थ दिसले. लिफाफ्याचं नाव निघाल्यापासून त्यांचं लक्ष उडालं होतं. सकाळी दुकानात तिथीसुद्धा बघितली नव्हती. मी म्हटलं, "आज काय भरतीला सुट्टी?" तर नुसतेच ओशाळं हसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. काही लपवलंय का या माणसाने? देवा, खरंच काही आणलं होतं का?

न्यायाधीश आले. म्हणाले, या वहीत गस्तीचे मार्ग आहेत, ती पानं झाकलेलीच राहतील. पण एक पान असं आहे की ज्यात देशाच्या सुरक्षेचं काही नाही. झाकायला दुसरंच कारण दिसतं. ते मी वाचतो. आणि त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं. दिवस तिसरा, म्हणजे एकादशी.

"'दुपारी दोन वाजता गस्ती नौका चौकीमागे गाळात रुतली. जवानांनी ढकलण्याचा प्रयत्न केला. आतील खोलीतील ताब्यातील इसमाने भिंतीआडून आवाज देऊन सांगितले की, ढकलू नये, तळ फुटेल, पाच वाजेपर्यंत थांबावे, पाणी नौकेस आपोआप उचलेल. त्याप्रमाणे थांबलो. पाच वाजून दहा मिनिटांनी नौका सुखरूप तरंगली. गस्तीस उशीर होण्याचे कारण हेच.'"

मागच्या बाकावरून कोणीतरी फस्सकन हसलं. ते पान लिहिणारा घाटावरून नवीन बदलून आलेला कोणी हवालदार असणार. उशीर झाला तर कारण लिहायचं असं त्याला शिकवलेलं, त्याने बिचाऱ्याने खरं कारण लिहून ठेवलं. त्याचं भलं होवो!

न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी वही मिटली आणि सरकारी वकिलांना विचारलं, "नवमीच्या संध्याकाळी चहा पिऊन घरी गेलेला माणूस एकादशीच्या दुपारी आतून आवाज कसा देतो?"

सरकारी वकील उठले, कागद चाळले, पुन्हा बसले.

आणि तांडेल? मी वळून पाहिलं तर जिंकलेला माणूस चोरी पकडल्यासारखी मान खाली घालून बसलेला. हे त्यांनी वकिलीणबाईंना सांगितलं नव्हतं, मला सांगितलं नव्हतं, आणि काकींनाही नाही. काकींनी भर कोर्टात त्यांच्या दंडावर एक फटका दिला. "तुमचे पाय फोडल्यानी, आणि तुमी त्येंची होडी वाचवलात? माका एका शब्दान सांगलात नाय!"

"लोक हसले असते गो," ते पुटपुटले. मग अगदी मनापासून म्हणाले, "पण होडयेचो काय गुन्हो?"

मी तिथे उभ्या उभ्या रडले. ओरडायलासुद्धा सुचलं नाही. ज्या माणसावर मी सकाळी संशय घेतला, त्याने काय लपवलं होतं बघा!

निकाल लागायला आणखी दोन तारखा गेल्या. चार दिवस बेकायदा कोंडून ठेवलं, तळव्यांवर मारलं, आणि ते झाकण्यासाठी गुपिताचा आडोसा घेतला, असं न्यायाधीशांनी भरल्या दालनात, मोठ्याने, सावकाश वाचलं. बाहेर आल्यावर सरकारी वकील स्वतःहून आमच्याकडे आले. तांडेलांना म्हणाले, "सुटलो बघा मी पण, त्या कैफियतीतून." तांडेलांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. ते वाक्य त्या दिवशी त्यांनी म्हटलं नाही. चहावाल्याने मात्र फाटकातून आरोळी ठोकली, "गुपित तुमचा!" आणि अख्ख्या रांगेने, पक्षकारांनी, झेरॉक्सवाल्याने, आमच्या त्या शिपायानेसुद्धा, पुढचं म्हटलं.

निकालातला तो परिच्छेद मी त्यांना मोठ्या ठसठशीत अक्षरांत छापून दिला. त्यांनी तो मासळीच्या लिलावाच्या शेडमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर येईल असा खांबाला चिकटवला. अपिलाची मुदत संपली, अपील आलं नाही. तांडेलही आले नाहीत. त्यांना आता कोर्टात काय काम? माझ्या कॅलेंडरातल्या तिथ्या तशाच येतात नि जातात. कधीकधी मीच पेरांवर अंगठा फिरवते आणि बाकावरच्या पक्षकाराला भरतीची वेळ सांगते. तो माझ्याकडे वेड्यासारखा बघतो.

शेवटी राहवेना म्हणून मीच एका रविवारी त्यांच्या किनाऱ्यावर गेले. होडी नुकतीच पाण्यात लोटली होती. चार खलाशी होते. त्यांत तो मदत आणायला गेलेलाही होता, जो नंतर वाडीत सगळ्यांत जास्त कुजबुजला होता. तांडेल मागे सुकाणूवर, अनवाणी, फळीवर घट्ट पाय रोवून उभे. मला बघून त्यांनी हात उंच केला आणि काहीतरी ओरडले. वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण मला ठाऊक आहे, भरतीची वेळच सांगितली असणार.

काकी म्हणाल्या, "बस गो, च्या घी." आम्ही वाळूवर बसलो. माझ्या पुढ्यातच तांडेलांच्या निळ्या चपला काढून ठेवलेल्या होत्या, अगदी उघड्यावर, पाण्याच्या बाजूला. भरती चढत होती. मी घाईने चपला उचलायला गेले तर काकींनी माझा हात धरला. "ऱ्हवांदे. त्येनी ठेवलेले आसत."

पाणी आलं, चपलांपासून चार बोटांवर थांबलं, आणि मागे फिरलं.