कागदाचा रुपया

माझ्या सासूबाईंचा कागदाच्या रुपयावर विश्वास नव्हता, आणि त्यांच्या त्या हट्टामुळेच आमची नोकरी वाचली. आज हे मी हसत सांगते. त्या संध्याकाळी मात्र रागाने माझे कान तापले होते.

तेव्हा पहिल्या महायुद्धाचे, आमच्या भाषेत लढाईचे, शेवटचे दिवस होते. हे कर्जत स्टेशनात तारमास्तर होते, पण हंगामी. कायम होण्याचा हुकूम आज येईल, उद्या येईल, असं करत दोन दिवाळ्या गेल्या होत्या. हंगामी माणसाची नोकरी म्हणजे अळवावरचं पाणी. वरच्या साहेबाला शिंक आली तरी आमच्या घरात सगळे दचकायचे. स्टेशनच्या यार्डामागे रेल्वेच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावलं की आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. मी खालापूरची, माहेरी सातजणांत वाढलेली, तोंडाने फटकळ. सासूबाई लोधिवलीच्या, भातशेतीत जन्म गेलेला. मुलगा इंग्रजी शिकून तारेवर बसला याचा त्यांना अभिमान होता, पण तारेवर त्यांचा विश्वास नव्हताच. कडकट्ट करून निरोप कसा जाईल, असं त्या म्हणायच्या.

पगार वाटायला महिन्यातून एकदा मुंबईहून एक डबा यायचा. तो यार्डातल्या बाजूच्या रुळावर उभा राही, दारात बंदूकवाला शिपाई, आणि खिडकीत चष्मा लावलेले पगारबाबू. दिवसभर कर्जतच्या लोकांचे पगार करून डबा तिथेच मुक्काम करी आणि पहाटेच्या गाडीला लागून घाट चढून पुढे जाई. पैसे खिडकीवरच मोजून घ्यायचे असा नियम होता. खिडकीवरून हललात की कमी असो, जास्त असो, तुम्ही आणि तुमचं नशीब.

आणि त्याच सुमारास ते कागद आले. सरकारची चांदी लढाईत संपली म्हणत, म्हणून एक रुपयाच्या नोटा निघाल्या. पोरांच्या पाठकोऱ्या वहीसारखी पंचवीस नोटांची एक वही शिवलेली असायची, हवी तेवढी पानं फाडून घ्यायची. लोकांना ते मुळीच पटलं नव्हतं. रुळांवर काम करणारी डोंगरवाडीतली माणसं तर त्या दिवशी खिडकीसमोर हटूनच बसली. बाजारात वाणी हा कागद घेत नाही, आम्हाला रुपया द्या, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचं खरंच होतं. वाणी नोट घेताना रुपयामागे आणा कापून घेत होता. त्या कलकलाटात यांचा नंबर आला. पगार पस्तीस. पगारबाबूंनी दहा रुपये चांदीचे मोजले, बाकीच्याची एक वही सरकवली आणि मागच्या माणसाशी वाद घालायला तोंड वळवलं. आमचे हे म्हणजे भिडस्त माणूस. रांग खोळंबली आहे, बाबू वैतागले आहेत, आपण कशाला पानं उलटत बसा, असं म्हणून सही केली आणि निघून आले.

घरी आल्यावर पगार देवापुढे ठेवायचा, दिवेलागणीनंतर सासूबाईंनी हळदकुंकू वाहायचं आणि मगच त्याला हात लावायचा, ही आमच्या घरची रीत. सासूबाईंनी दहा रुपये एकेक करून पाटावर वाजवले आणि देव्हाऱ्यात ठेवले. वहीकडे बघून त्यांनी नाक मुरडलं.

“रुपया वाजला पायजे,” त्या म्हणाल्या. “ह्यो कागद हाय. शेळीनं खाल्ला तर काय शेळी कापायची?”

कागद देवापुढे ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. मग मी ती वही वाऱ्याने उडू नये म्हणून मिठाच्या बरणीखाली दाबून ठेवली. यांची रात्री आठची पाळी होती, म्हणून हे जेवून झोपले.

दिवे लागले. कार्तिकातले दिवस, लवकर अंधारायचं. सासूबाई देवाशी होत्या आणि मी सकाळी वाण्याकडे धाडायच्या नोटा फाडून ठेवाव्यात म्हणून वही काढली. पानं उलटताना मधेच शेवटचं पान लागलं आणि त्याच्या पुढे पुन्हा पहिलं. एका वहीत दुसरी वही गुंतून बसली होती. नव्या कोऱ्या, पातळ. दोन मिळून एकीएवढ्याच दिसत होत्या. पंचवीस रुपये जास्त आले होते.

मोह झाला नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या पाटल्या तेव्हा यांच्या नोकरीच्या अनामतीपायी गहाण होत्या, आणि रिकामा हात दिवसातून दहादा डोळ्यांत सलायचा. पण मोहापेक्षा भीती आधी आली. डबा अजून यार्डात आहे, हिशेब लागत नाही म्हणजे बाबू आत बसून मोजत असतील, हे मला लख्ख दिसलं. मी यांना हलवून उठवलं आणि दोन्ही वह्या समोर धरल्या.

पायात चपला घालायच्या सोडून हे शेजारच्या गार्डाला विचारायला गेले. गार्ड वयाने मोठे, नोकरीत मुरलेले, मनाने वाईट नव्हते. त्यांनी सल्ला दिला तो मात्र उलटाच. मागे एका हमालाने असेच जास्त आलेले पाच रुपये दुसऱ्या दिवशी कचेरीत प्रामाणिकपणे परत नेऊन दिले, तर त्यालाच उभं करून विचारलं, याच्या आधी किती वेळा गिळलेस ते सांग. चौकशी चालली, आणि तो हंगामी होता म्हणून आधी त्याचीच गच्छंती झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी. तेव्हा गप्प बसा, विचारलं तर बघू, असं गार्ड म्हणाले.

हे घरात येऊन भिंतीला टेकून बसले. बोलावं तर हमालाची गत, न बोलावं तर हिशेबात कमी आल्याची तार मुंबईला जाणार आणि उद्या सगळ्या कर्जत स्टेशनची झडती. दोन्हीकडून हंगामी माणूसच पहिला. सकाळी देतो म्हणावं तर डबा पहाटे निघणार आणि यांची पाळी उजाडेपर्यंत. शेवटी हे म्हणाले, पुढच्या महिन्यात हळूच देऊन टाकू.

माझा संताप झाला. पुढच्या महिन्यापर्यंत दुसऱ्याचे पैसे मिठाच्या बरणीखाली ठेवून मला घास गेला नसता. मी म्हटलं, हमालाचं काय झालं ते झालं. पण तो दुसऱ्या दिवशी गेला होता, आपण अजून डबा उभा आहे तोवर जाऊ. उठा, आत्ताच्या आत्ता जाऊन देऊन या. हे उठलेही. आणि तेवढ्यात सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

दिवे लागल्यावर घरातून पैसा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा कडक नेम. नुसता पैसाच काय, मीठ, सुई, विरजण, काहीच नाही. शेजारणीने संध्याकाळी चिमूटभर मीठ मागितलं तर तिला सकाळी ये म्हणायच्या. लक्ष्मी दिव्याच्या वेळेला घरात येते, त्या वेळेला तिला बाहेरची वाट दाखवली तर ती परत येत नाही. लोधिवलीला म्हणे एका घराने असंच केलं आणि त्यांची दावण रिकामी झाली. हे आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नव्हते. तिकडे घड्याळ पुढे चाललेलं, इकडे आई उंबऱ्यात, आणि हे मध्ये वही पूजेच्या ताटासारखी हातात धरून उभे.

मी सून, लग्नाला तीनच वर्षं झालेली. सासूच्या तोंडाला तोंड देण्याची ती वेळ नव्हती. पण जीभ माझ्या ताब्यात कधीच नव्हती.

“आत्याबाई,” मी सासूबाईंना म्हटलं, “सकाळपासून तुम्हीच म्हणताय की हा रुपया नाही, कागद आहे. देवापुढेसुद्धा ठेवला नाहीत. मग कागद बाहेर गेला तर लक्ष्मीला काय कळणार आहे?”

मला वाटलं, आता माझ्या माहेरचा उद्धार होतो. सासूबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, तिथले दहा रुपये जागेवर होते. मग यांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. आणि त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

“खरं हाय गं पोरी,” त्या म्हणाल्या. “कागद कदी बी जाऊ दे. पर माजा पोरगा एकला नाय जायचा. एकला गेला तर चोर म्हनतील. चल, आमी बी येतो.”

अशी आमची वरात निघाली. पुढे सासूबाई, मागे हे, आणि कंदील घेऊन मी. यार्डातल्या खडीवर पाय वाजले तरी हे दचकत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण यांच्यासारखं न केलेल्या चोरीचं चांदणं मी दुसऱ्या कुणाच्या मनात पाहिलं नाही.

शिपायाने हटकलं. सासूबाईंनी त्याला बाजूला हो म्हणून सांगितलं, आणि त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो झालाही. डब्याचं दार उघडं होतं. आत दिव्याखाली नाण्यांचे ढीग आणि नोटांच्या वह्या मांडलेल्या, बाजूला जेवणाचा डबा उघडून तसाच ठेवलेला, भातावर साय धरल्यासारखी पापडी आली होती. सकाळी खिडकीतून सगळ्यांवर खेकसणारे पगारबाबू चष्मा कपाळावर चढवून बसले होते. तेच ढीग पुन्हा पुन्हा मोजत होते. असा चेहरा मी माझ्या वडिलांचा पाहिला होता, धाकटा भाऊ तापात होता तेव्हा.

हे तोंड उघडायच्या आत सासूबाईच बोलल्या.

“साहेब, ह्यो माजा पोरगा हाय. तुमचा कागद आमच्याकडं आला व्हता. मोजून घ्या.”

बाबूंनी वही घेतली. पान न पान मोजलं, पुन्हा उलटीकडून मोजलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. आता हमालाचा प्रश्न येणार म्हणून मी कंदिलाची कडी घट्ट धरली होती. त्यांनी यांच्याकडे निरखून पाहिलं.

“तुम्ही तारेवर असता ना?” त्यांनी विचारलं.

यांनी मान हलवली. बाबूंनी वहीखालून तारेचा एक लिहिलेला कागद काढला. पंचवीस रुपये कमी आहेत, चौकशी व्हावी, असा मजकूर. वरच्या साहेबाचं नाव घातलेलं, खाली सहीही झालेली.

“आठ वाजता ही तार घेऊन मी तुमच्याच खिडकीवर येणार होतो,” ते म्हणाले. “तुम्हीच ती पाठवली असतीत.”

बाबूंनी तो कागद फाडला, परत फाडला, आणि तुकडे शिपायाच्या शेगडीत टाकले. किती वेळा गिळलेत, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पाणी मागितलं. शिपायाने आमच्याच चाळीच्या नळाचा तांब्या पुढे केला, आणि आम्ही कोण, कुठल्या जातीचे, याची विचारपूस न करता ते घटाघटा प्यायले. मग त्या गार भाताचा डबा जवळ ओढून त्यांनी आमच्यासमोरच जेवायला सुरुवात केली. मोठाले घास घेत होते. सासूबाईंनी मला घरी पिटाळलं आणि वालाच्या बिरड्याची वाटी आणायला लावली. तीही त्यांनी पुसून खाल्ली.

परत येताना माझ्या छातीवरची धोंड उतरली होती. हे चक्क शीळ घालत होते. आठला पाच कमी असताना हे पाळीवर गेले, आणि त्या रात्री कर्जतहून मुंबईला पगाराबद्दल एकही तार गेली नाही. कायम झाल्याचा हुकूम फाल्गुनात आला. बाबूंनी शब्द टाकला असेल का, हे आम्हाला कधी कळलं नाही. यांच्या मते टाकलाच असणार. माझ्या मते त्यांनी स्वतःची चूक कुणाला कळू दिली नसणार, आणि ते योग्यच होतं.

पण सांगायचं ते निराळंच. पुढच्या महिन्यात पगार आला. बाबूंनी म्हणे खिडकीवर प्रत्येकाला पान न पान मोजायला लावलं, आणि रांगेतल्यांनी त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. घरी मी सवयीने वही मिठाच्या बरणीखाली ठेवायला निघाले, तर सासूबाईंनी ती माझ्या हातातून घेतली. पाटावर ठेवली. तिच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं, आणि रुपयांच्या शेजारी देव्हाऱ्यात मांडली.

मी विचारलं, आज कागदाला हा मान कसा?

“ज्याच्यापायी मानूस ताटावर उपाशी बसतो,” त्या म्हणाल्या, “त्यो रुपयाच हाय गं.”

तेव्हापासून दिवेलागणीनंतर आमच्या घरातून कागदाची नोटही कधी बाहेर गेली नाही. शेजारी येवोत, पाहुणे अडोत, सासूबाईंचं एकच उत्तर, सकाळी या. त्या तसं म्हणाल्या की हे माझ्याकडे बघायचे, आणि मी मनात म्हणायचे, बाई गं, हा विश्वास तुम्हाला एक महिना उशिरा आला, ही देवाची कृपा.