चिलखती माशाचं तोंड

ती घटना आजही आठवते आणि एकटा असलो तरी हसू येतं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतरची वर्षं, मी तेव्हा पोलीस ठाण्यात फौजदार होतो. नांदेडात गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले होते. अशाच एका क्लासचे मालक, जीवशास्त्राचे सर, ठाण्यात ओरडतच शिरले, "माझा मासा चोरीला गेला!"

ठाणे अंमलदारानं शांतपणे विचारलं, "ताजा का सुकट?"

मासा कोट्यवधी वर्षांपूर्वीचा निघाला. अंगावर हाडांचं चिलखत, तोंडात दातांऐवजी कोयत्यासारखी पाती. जीवाश्मावरून बनवलेलं त्याचं टेबलाएवढं फायबरचं डोकं सरांनी क्लासच्या दारात मांडलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते गायब झालं.

किल्ली वॉचमन चाचांकडं, म्हणून संशय त्यांच्यावर. सरांनी त्यांना कामावरून काढलं होतंच. वर, संध्याकाळपर्यंत क्लासमागची खोली रिकामी करा म्हणून दम. म्हातारा बायकोला घेऊन जाणार कुठं?

मी चाचांना समोर बसवलं. दरडावलं, चहा पाजला, पुन्हा दरडावलं.

"साहेब, चोरी न्हाई केली. कुणी नेलं ते म्हाईत हाय, पन सांगनार न्हाई. जबान दिली हाय."

माझं डोकंच फिरलं. अहो, डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि जबान कसली घेऊन बसलात!

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, मुदखेडात एका नव्या घरावर लई भयान तोंड टांगलंय. बैलं बुजून राहिलेत."

जीप काढली. नव्या बांधकामाला नजर लागू नये म्हणून लोक राक्षसाचं तोंड टांगतात. त्या जागी आमचा मासा लटकत होता, खाली लिंबू-मिरच्या. शिपायानं आधी हात जोडले, मग शिडी मागितली. बाजेवरच्या म्हातारीला मी विचारलं, "घर कुणाचं?"

"माझ्या पोराचं. नांदेडात मास्तर हाय."

फिर्यादीचीच आई!

चाचांना ठाण्यात बसवलंय म्हणताच ती चपला घालून जीपमध्ये येऊन बसली. ठाण्यात पोराला म्हणाली, "म्या नेलं. चाचाकडनं दार उघडून घेतलं आन टेम्पोत घालून नेलं. भूकंपात भिंत पडून तुझा बाप गेला. आता तू तीन मजले चढवून राहिला. बाजारातल्या तोंडाला पोरंबी भिईनात. ह्याला बघून मीच भ्याले, म्हनलं हेच पाहिजे. तू महिना-महिना तिकडं फिरकत न्हाईस, पन तुला कळलं तर काढून टाकशील, म्हणून चाचाला शपथ घातली."

गुन्हा अजून नोंदवला नव्हता. अंमलदार माशाच्या वर्णनापाशीच अडला होता. सरांनी तक्रार मागं घेतली, चाचांची हात जोडून माफी मागितली. नोकरी राहिली, खोलीही राहिली. तरी शिक्षकाची जात, जाता जाता म्हणाले, "तोंड मात्र उद्या उतरवतो."

चाचा घाईनं म्हणाले, "राहू द्या, सर. ते उतरलं तर अम्मांना झोप यायची न्हाई."

सरांनी आईकडं पाहिलं आणि चष्मा पुसत बसले. मासा मुदखेडलाच राहिला.

त्यानंतर चौकशीत कुणी हट्टानं गप्प बसला, की मी आवाज चढवण्याआधी विचारायचो, "बाबा, जबान कुणाला दिलीस?"