इवायाचा ग्रामीण दाखला

अमेरिकेच्या व्हिसाचा कायदा समजणारा माणूस आख्ख्या आंबागडात एकच, आणि तो म्हणजे मी! आता दुसऱ्या कोणी तो समजून घ्यायचा प्रयत्नच केला नाही, ही गोष्ट वेगळी. आणि मलाही तो समजला नव्हता, ही त्याहून वेगळी. तर या समजेनं मी आमच्या इवायाची कशी वाट लावली ते ऐका. चहा घ्या आधी, थंडा होऊन राहिला.

इवाई म्हणजे व्याही, माझ्या पोरीचा सासरा, गोवर्धनजी. तुमसरला राइस मिल, पांढरा शर्ट, आणि चिखल दिसला की रस्ता बदलणारा माणूस. त्यांचा पोरगा, म्हणजे आमचा जावई, अमेरिकेत नोकरीला. पोरगी आणि नात तिकडंच. नोकरीवरचा व्हिसा संपत आलेला. आता कायमचं राहायचं तर तिथल्या एखाद्या धंद्यात मोठी रक्कम घालायची, एवढाच रस्ता उरला होता. पोरासाठी गोवर्धनजींनी रोडला लागून असलेली जमीन विकली.

एक दिवस पोरीचा फोन आला. आमच्याकडं पोरी सासऱ्याला मामाजी म्हणतात. "बाबा, मामाजीले सांगा, ग्रामीण भागाले वेगळा कोटा आहे. रक्कम कमी लागते, रांग बी लहान. बेरोजगारीवाल्या भागाले बी सवलत आहे. फक्त नीट ऐकून घ्या..."

नीट ऐकायला वेळ कोणाला? मी फोन ठेवला, टोपी घातली आणि तुमसरची बस धरली.

"इवाई, तुमचा पत्ता कुठला?"

"तुमसर. काहून?"

"मंग गेला तुमच्या पोराचा व्हिसा! तुमसर म्हणजे शहर. नगर परिषद आहे ना जी. अमेरिकेले गावचा माणूस पायजे."

"अमेरिकेले गावचा माणूस कायले पायजे बाप्पा?"

"तिकडं गावं कमी आहेत ना!"

हसू नका. माझी सारी उमर दाखल्यांवर गेली. डोंगराळ भागाचा दाखला, जंगलाला लागून असल्याचा दाखला. एकावर ताडपत्री मिळाली, एकावर फवारणीचा पंप. सरकार गाव बघतं आणि माणसाला सवलत देतं. अमेरिकेचं सरकार काय आभाळातून पडलं?

गोवर्धनजी मात्र घुटमळले. त्यांना तुमसरला नगरसेवक व्हायचं होतं. फ्लेक्स छापून तयार होता, त्यात हात जोडून उभे होते बिचारे. तुमसरच्या मतदार यादीतून नाव काढलं की उभं राहता येत नाही.

"पोरगा मोठा की वॉर्ड?" मी विचारलं.

या प्रश्नावर कोणता बाप वॉर्ड म्हणेल? आले गाठोडं घेऊन माझ्या पडवीत राहायला. रेशनकार्ड आंबागडचं, मतदार यादीत नाव आंबागडचं, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला. पुरे दोन महिने! रोज सकाळी विचारायचे, "आता झालो का मी ग्रामीण?"

"थोडे थोडे होऊन राहिले," मी म्हणायचो.

रोवण्याच्या दिवसांत मी त्यांना धोतर नेसवून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरवलं. हातात धानाच्या रोपांची पेंढी दिली आणि फोटो काढला. इवाई गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेले, मागं रोवणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसताहेत. खरं सांगू? फोटो कोणीच मागितला नव्हता. ती माझी भर!

मग जाडजूड फाइल घेऊन आम्ही नागपूरला गेलो, व्हिसाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंकडे. बाईंनी फोटो उलटा-सुलटा करून बघितला.

"काका, हे काय आहे?"

"ग्रामीणचा पुरावा."

"कोणाच्या?"

"यांच्या. आता एकदम अस्सल झाले आहेत."

बाईंनी चष्मा काढला. "काका, गाव अमेरिकेतलं लागतं. पैसे तिथल्या ग्रामीण भागातल्या प्रकल्पात घालायचे. मोठ्या शहरापासून लांबचा, लहान वस्तीचा भाग. हे स्वतः कुठं राहतात याच्याशी कोणाला काही घेणं नाही."

गोवर्धनजींचा आवाज खोल गेला. "म्हणजे तुमसर चाललं असतं?"

"मलबार हिलसुद्धा चाललं असतं. अर्ज अजूनही भरता येईल, पण दोन महिने फुकट घालवलेत तुम्ही."

'तुम्ही' म्हणताना बाईंनी बघितलं माझ्याकडं. हुशार बाई!

परतीच्या बसमध्ये इवाई खिडकीबाहेर बघत बसले. मौदा गेलं तरी मान वळली नाही. तुमसरच्या यादीत परत नाव घालायची मुदत आठवड्यापूर्वीच संपली होती, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं. भंडाऱ्याच्या स्टँडवर मी त्यांच्यासाठी गरम भजी आणली. त्यांनी हात लावला नाही.

आता माणसाला धीर तर द्यावा लागतो ना? मी म्हटलं, "इवाई, फिकर नका करू. ग्रामीणचं राहू द्या. तो दुसरा बेरोजगारीवाला भाग आहे ना, जिथं कोणालेच काम नाही, त्यातून करू. तो कुठं आहे ते मी शोधून काढतो."

गोवर्धनजींनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. डोळ्यांत नाही, जरा वर.

"शोधाची गरज नाही, इवाई. तो भाग तुमच्या टोपीखाली आहे."