जाऊबाईंचं मशीन आणि माझी साफसफाई

माझ्या थोरल्या जाऊबाई बाजारातल्या विक्रेत्यांसाठी ताडपत्रीच्या पिशव्या शिवतात. पिशवी म्हणजे आत एखादं माणूस बसेल एवढी. पूर्वी हे सगळं दाभणाने चालायचं. थोरले दीर हमाल होते. त्यांची पाठ गेली ती कायमचीच, आणि तेव्हापासून दिरांची औषधं आणि दोन मुलींच्या शाळा त्या एका दाभणावर येऊन पडल्या. दिवसाला तीन पिशव्या व्हायच्या. बोटांना चिंध्या गुंडाळून बाई भांडी घासायची, पण कुणी कीव केली की राग नाकावर.

मग मशीन आलं. परदेशातली कुठलीशी संस्था छोट्या धंदेवाल्यांना मदत करत होती. जाऊबाईंनी अर्ज केला, पंधरा दिवस शिकायला गेल्या आणि जाड कापड शिवणारं ते धूड घरात आणलं. अट एकच होती. सहा महिन्यांनी पाहणी होणार. मशीनवर खरोखर धंदा चालतोय असं दिसलं तर ते त्यांच्या नावावर, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाकडे. तीनच्या बारा पिशव्या होऊ लागल्या. धाकटी मुलगी शाळा सोडणार होती, ती राहिली.

आता माझं सांगते. त्या मशीनवरून माझा थोडा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू? गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी जाऊबाईंचं कौतुक. म्हणून पाहणीच्या दिवशी मी ठरवलं, आपलाही हात दिसू दे.

त्या दिवशी जाऊबाई सकाळीच माल पोचवायला गेल्या. मी पदर खोचला. अर्धवट शिवलेल्या पिशव्या शेजारणीच्या माळ्यावर टाकल्या, चिंध्या गोळा करून फेकल्या, फरशी दोनदा पुसली. मशीन तेलाने काळंकुट्ट झालं होतं. पाहणीला येणाऱ्या परदेशी पाहुण्याचे कपडे खराब व्हायला नकोत म्हणून मी ते रॉकेलने घासलं, जिथे जिथे तेलाची भोकं दिसली तिथेही रॉकेल ओतून कोरडं केलं आणि वर कपाटातली नवी चादर घातली. मशीन असं चकाकत होतं की मीच माझ्यावर खूश.

जाऊबाई आल्या त्या पाहुण्यांना घेऊनच, गल्लीच्या तोंडाशी गाठ पडली होती. सोबत संस्थेच्या इथल्या ऑफिसातल्या बाई आणि एक उंच, म्हातारा परदेशी माणूस. दारातून वाकून आत आला. ऑफिसच्या बाईंनी चादर उचलली, मशीनवरून बोट फिरवलं, कोरी फरशी पाहिली.

"हे तर वापरलेलंच नाही," त्या म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या.

जाऊबाईंनी एकदा खोलीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं.

"थांबा बाई, चालवून दाखवते," असं म्हणत त्यांनी बटण दाबलं. मशीन किंचाळलं, दोन टाके घातले आणि अडकून बसलं.

"बघा, चालतही नाही," ऑफिसच्या बाई हळूच म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, पण असली झाकून ठेवलेली मशीनं त्यांनी बरीच पाहिली असणार.

"चूक माझी आहे!" मी ओरडलेच. "मी तेल पुसलं. तुम्ही येणार म्हणून."

"तू गप्प बस गं धाकटे," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच लागला.

त्यांनी पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि जमिनीवर बसून मशीनच्या खालचा पत्रा उघडला. तिथे काही उघडतं हे मला सहा महिन्यांत ठाऊकही नव्हतं. आत निळ्या ताडपत्रीचा भुगा आणि दोऱ्याचे तुकडे ठासून भरले होते. त्यांनी खालच्या दोऱ्याचं शटल काढून साफ केलं, न बघता एकेका भोकात तेल सोडलं, वाकलेली सुई बदलली, हाताने चाक चार वेळा फिरवून कान लावला. म्हातारा पाहुणा त्यांच्याशेजारी गुडघ्यांवर बसला होता. त्याने तो निळा भुगा चिमटीत घेऊन ऑफिसच्या बाईंपुढे धरला आणि काहीतरी बोलला.

"ते म्हणतात," बाई जरा ओशाळून म्हणाल्या, "त्यांच्या वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. एवढा भुगा साठायला किती काम लागतं ते त्यांना माहीत आहे."

बाईंनी पहिला कागद फाडला. मग मशीन सुरू झालं. जाऊबाईंनी ताडपत्रीच्या दोन जाड पट्ट्या एका दमात जोडल्या आणि नव्या कागदावर सही केली. सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. दिरांची पाठ गेली तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले. आता माझी हजेरी घेतली जाणार, असं धरूनच चालले होते.

"त्या पिशव्या आण शेजारून," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आणि मग इथे बस माझ्याजवळ. आतून कसं साफ करायचं ते दाखवते. उद्या मी आजारी पडले तर या घराचं कोण बघणार, तूच ना?"

मी पिशव्या आणायला गेले ती शेजारणीच्या जिन्यातच बसून हमसून हमसून रडले.